उजवीकडून पहिला

"आधी उजवीकडून मोजा," असं म्हणून मेजर बोट उचलायचे आणि समोर जे काही रांगेनं असेल ते मोजायला लागायचे. लग्नाचा ग्रुप फोटो असो, बँकेच्या रांगेतली माणसं असोत, नाहीतर चहाच्या टपरीवर पालथे घातलेले ग्लास असोत. डावीकडून मोजले तरी ग्लास सहाच भरतात, असं कुणी म्हटलं की ते समजूतदारपणे मान हलवायचे. "सहाच भरतेत. पण पहिला कोण, ते बदलतं ना!"

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. वय झालं की एखादं खूळ डोक्यात बसतं आणि आजूबाजूचे लोक हसून सोडून देतात. पण मेजरांचं हे खूळ वयामुळे आलेलं नव्हतं. ते माझ्यामुळे आलं होतं. आता ते नाहीत, तर निदान तुमच्याजवळ तरी हे कबूल करून टाकते.

मेजर म्हणजे काही खरे मेजर नव्हते. फौजेत ते नायक होते, म्हणजे हवालदाराच्याही खाली. पण आपल्याकडे फौजेतून आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो, मग तो तिथं भात शिजवत का असेना. पहिली वीस वर्षं त्यांनी "मेजर नाय, नायक" असं प्रत्येकाला सांगून पाहिलं. मग थकले. "जनतेनं प्रमोशन दिलंय," म्हणायचे, "आता परत कुठं करता?"

माझं दुकान छावणीच्या बाजारात. वडलांच्या वेळी फोटो स्टुडिओ होता, माझ्या वेळी फ्लेक्सचं दुकान झालं. वाढदिवस आणि श्रद्धांजली हे आमचे दोन बारमाही हंगाम. माणूस जिवंत असला की मागं वाघ टाकायचा, नसला की मागं ढग टाकायचे, चेहऱ्यावरचे फोड आणि सुरकुत्या मात्र दोन्हीकडे काढायच्या. मेजर आमच्याच कॉलनीत एकटे राहायचे. एक मुलगी, ती चितेगावला दिलेली. सकाळी फिरून झालं की दुकानाच्या दारात यायचे, टाचा जुळवायचे आणि "हाजिर!" म्हणून बाकावर बसायचे. मी "जयभीम मेजर" म्हणायची. मग ते माझा पेपर माझ्याआधी वाचायचे.

पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला मेजरांना लई मागणी. शाळा त्यांना बोलवायच्या, शाल द्यायच्या आणि एकाहत्तरच्या लढाईबद्दल सांगा म्हणायच्या. मेजर उभे राहायचे आणि रजईबद्दल सांगायचे. त्यांचा एक जोडीदार होता, शेख महबूब, पिशोरचा. दोघांत मिळून एक धड रजई होती आणि महबूब झोपेत ती ओढून घ्यायचा. मग मेजर त्याच्या पायाला सुतळी बांधून सुतळीचं दुसरं टोक आपल्या हाताला बांधून झोपायचे, रजई सरकली की ओढायला. पोरं हसून हसून लोळायची. मुख्याध्यापक कानाशी येऊन म्हणायचे, "मेजर, जरा गोळीबार घ्या." मेजर म्हणायचे, "गोळीबार समद्यांनाच ठावकी हाय. रजई कोण सांगनार?"

आता आमच्या कॉलनीच्या अडचणीबद्दल सांगते. आमच्या कॉलनीत सगळं होतं. पाण्याची टाकी, ओपन जिम, सेल्फी पॉइंट. पण शहीद नव्हता. पलीकडच्या कॉलनीनं चौकात एका जवानाचा फलक बसवला, पेपरात फोटो आला, आणि आमच्या समितीचे अध्यक्ष अस्वस्थ झाले. अध्यक्ष एका कार्यालयातून मोठे बाबू म्हणून निवृत्त झालेले. घरात भाजी कुठली करायची याचाही ते ठराव मांडत असत. त्यांनी बैठक बोलावली आणि म्हणाले, "आपल्याकडे एखादा तरी पाहिजे."

सगळे आपापल्या घराण्यात शोधायला लागले. कुणाचा मामा फौजेत होता, पण तो सुखरूप परत आलेला निघाला. अध्यक्षांच्या चेहऱ्यावर स्पष्ट नाराजी दिसली. तेव्हा मागच्या खुर्चीवरून मेजर उठले आणि म्हणाले, "महबूब चालंल का?"

आत्ता जिथं आमची टाकी आहे तिथं तेव्हा मोकळं मैदान होतं. लढाईला निघण्याआधी पलटणीतली पोरं तिथं कबड्डी खेळायची आणि महबूबचा गुडघा तिथंच फुटला होता, असं मेजरांनी सांगितलं. अध्यक्ष खूश झाले. कॉलनीच्या जागेवर रक्त सांडलेला शहीद म्हणून महबूब एकमतानं मंजूर झाला.

फोटो एकच होता. पलटण निघायच्या आदल्या दिवशी छावणीतल्या एका स्टुडिओत दोघांनी काढलेला. दोन प्रती केल्या. महबूबची प्रत महबूबच्या खिशात होती, ती त्याच्याबरोबर गेली. मेजरांची प्रत पत्र्याच्या पेटीत राहिली. ती त्यांनी पाकिटात घालून अध्यक्षांना दिली आणि मुलीच्या बाळंतपणासाठी चितेगावला गेले. तिथं त्यांना तीन आठवडे राहावं लागलं.

अध्यक्षांनी पाकीट माझ्या टेबलावर ठेवलं. "यातल्या शहिदाचा चेहरा मोठा करून टाइलवर छापून द्या. दगडात बसवायचा आहे."

फोटोत दोन पोरं होती. तोच गणवेश, तीच टोपी, तशाच बारीक मिशा. आता मेजर म्हणजे टक्कल, कवळी आणि डोळ्यांखाली दोन पिशव्या. त्यातलं कोण पुढं जाऊन असं होईल ते मला काय कळणार? फोटो उलटा केला तर मागं उर्दूत लिहिलेलं. शेजारी आमचे टेलरचाचा बसतात, त्यांच्याकडे नेला. चाचांनी चष्मा पुसला आणि वाचलं, "शेख महबूब." मग थांबून मेजरांचं नाव वाचलं. मी दोन्ही नावं त्याच क्रमानं वहीत लिहून घेतली. पहिला महबूब, दुसरे मेजर. दुकानात आले, डावीकडचा पहिला चेहरा कापला, मोठा केला, गालावरची धूळ काढली आणि टाइल छापून दिली. काम वेळेच्या आधी केलं म्हणून अध्यक्षांनी माझं कौतुकही केलं.

पंधरा ऑगस्टला सकाळी मेजर थेट चितेगावच्या पहिल्या गाडीनं कार्यक्रमाला आले. झेंडा फडकला, राष्ट्रगीत झालं, बाहेरून बोलावलेल्या एका मोठ्या पाहुण्यांनी दोरी ओढली आणि काळ्या दगडावरचा पडदा बाजूला झाला. खाली सोनेरी अक्षरांत 'अमर शहीद शेख महबूब', आणि वर पंचवीस वर्षांचे मेजर.

मेजर दोन पावलं पुढं गेले. दगडाकडे पाहिलं. मग स्वतःच्या छातीवर हात ठेवून समोरच्या माइकवरच मोठ्यांदा म्हणाले, "अहो, हा मी हाय!"

क्षणभर कुणाला कळेना. मग अध्यक्षांना कळलं. त्यांनी माइक हातात घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "वा! काय बोललात मेजर! प्रत्येक शहीद हा मीच आहे!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. पाहुण्यांनी रुमालानं डोळे पुसले. मेजर ओरडत होते, "तसं नाय, खराच मी हाय!" आणि लोक आणखी टाळ्या वाजवत होते. मग त्यांच्या हातात हार देण्यात आला. मेजरांनी एकदा हाराकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं पाहिलं, आणि दगडावरच्या स्वतःला हार घातला. खाली लोक ओरडले, "अमर रहे!"

कार्यक्रम संपल्यावर आम्ही तिघं चाचांच्या मशीनपाशी उभे राहिलो. चाचांनी पुन्हा वाचलं, "शेख महबूब." मग पुन्हा थांबून मेजरांचं नाव. "सही तो पढ़ा मैं," ते म्हणाले. मी म्हटलं, "मग मी पहिल्याचा फोटो कापला ना!" चाचांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी त्यांच्यासमोर शर्टाला उलट्या बाजूनं कॉलर लावली होती. "बाई, उर्दू उजवीकडून चालते. लिहिणारा उजवीकडूनच नावं लिहिणार. तुम्ही डावीकडून कायको मोजल्या?"

मेजरांनी फोटो हातात घेतला. फोटोतल्या उजवीकडच्या पोरावर बोट ठेवून म्हणाले, "हा महबूब. उजवीकडून पहिला." त्या दिवसापासून ते सगळं उजवीकडून मोजायला लागले.

तुम्ही म्हणाल, एवढं काय, दुसरी टाइल छापून द्यायची. मी त्याच दुपारी छापली. पण अध्यक्ष म्हणाले, "उद्घाटन झालंय." पाहुणे येऊन गेले, पेपरात फोटो आला, उद्घाटन झालेल्या वस्तूत चूक निघाली असं आजवर कुठंही झालेलं नाही. मी चुकीची लेखी कबुली दिली. अध्यक्षांनी ती वाचून परत केली, "ताई, तुमच्या दुकानाची बदनामी होईल." मी मेजरांना म्हटलं, आपणच पहाटे जाऊन बदलून टाकू. ते भडकले. "महबूब काय चोर हाय का, अंधारात आनून लावायला? ठराव झाला पायजे."

त्यांना काय हवं होतं ते अगदी साधं होतं. महबूबचा जगात तो एकच फोटो. महबूबला पाहून हा महबूब आहे असं सांगू शकणारा माणूसही आता एकच. तो माणूस जायच्या आत महबूबचा चेहरा एकदा लोकांसमोर लागावा, त्याच्यापुढं कुणीतरी दोन फुलं ठेवावीत. एवढंच. पण ते ठरावात बसत नव्हतं.

अध्यक्षांनी पुरावा मागितला. नोव्हेंबरात मेजर पेन्शनसाठी हयातीचा दाखला काढून आले आणि एक प्रत समितीपुढं ठेवली.

"हे काय?"

"दाखला. मी जित्ता हाय, असं सरकार म्हनतंय."

अध्यक्षांनी दाखला दोन्ही बाजूंनी पाहिला. "यावरून तुम्ही जिवंत आहात हे सिद्ध होतं. फोटोतला माणूस जिवंत आहे, हे कुठं सिद्ध होतं?"

"फोटोतला मीच हाय."

"तेच तर सिद्ध करायचं आहे."

मेजर हरणारे नव्हते. त्यांना कुणा फौजी डॉक्टरनं कधीकाळी सांगितलं होतं की माणसाचं तोंड बदलतं, पण कानाची ठेवण बदलत नाही. मी त्यांच्या डाव्या कानाचा फोटो काढला, टाइलवरच्या चेहऱ्याचा डावा कान मोठा केला आणि दोन्ही कान दोन बाय तीनच्या फ्लेक्सवर शेजारी शेजारी छापले. तेवढा मोठा कान मी त्याआधी कुणाचा छापला नव्हता. बैठकीत तो फ्लेक्स भिंतीला टांगला. सगळे सदस्य आधी फ्लेक्सकडे पाहत होते, मग हळूहळू एकमेकांच्या कानांकडे पाहायला लागले. सचिवांच्या लक्षात आलं की त्यांचे कान हुबेहूब अध्यक्षांसारखे आहेत, आणि ते दोघांनाही आवडलं नाही.

"कान सगळ्यांचे सारखेच असतात," अध्यक्षांनी निर्णय दिला. इतिवृत्तात लिहिलं गेलं: 'कानांची नोंद घेण्यात आली.'

मग ते तसंच चालू राहिलं. दर पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला ज्येष्ठ माजी सैनिक म्हणून हार घालायचा मान मेजरांचा. ते यायचे, टाचा जुळवायचे, स्वतःला हार घालायचे आणि स्वतःला सॅल्यूट ठोकायचे. एकदा दोन मिनिटांची शांतता चालू असताना त्यांना शिंक आली, तर अध्यक्ष रागावून म्हणाले, "मेजर, निदान त्यांच्यासमोर तरी!" एका शाळकरी मुलीनं विचारलं, "आजोबा, तुम्ही यांना ओळखत होता?" मेजर म्हणाले, "थोडंफार." आम्ही दुकानात येऊन यावर खूप हसायचो. पण मग हसणं थांबायचं आणि ते पाकिटातला फोटो काढून उजवीकडून पहिल्याकडं बघत बसायचे. तेव्हा मला स्वतःचा फार राग यायचा.

अध्यक्षांच्या उत्साहाला मात्र अंत नव्हता. दोन वर्षांमागं जुलैमध्ये त्यांनी जाहीर केलं, शहिदाच्या बहिणीचा पत्ता लागला आहे. ती पिशोरलाच राहते, साठीची आहे, आणि यंदा वीरभगिनी म्हणून तिचा सत्कार होणार आहे.

मेजर दुकानात आले ते 'हाजिर' न म्हणताच बाकावर बसले. त्यांचा चेहरा उतरला होता. "ती येनार, बाई. मोतीबिंदूचं ऑपरेशनबी झालंय तिचं. चकाचक दिसतंय म्हने." मग म्हणाले, "मी तीनदा गेलो पिशोरला. तीनदा स्टँडवर चहा पिला आन् परत आलो. घरापत्तूर जाववलं नाय." का जाववलं नाही ते तेव्हा त्यांनी सांगितलं नाही.

मी पुन्हा अध्यक्षांकडे गेले. ते म्हणाले, "बहिणीनं ओळखलं नाही तर बघू." म्हणजे आता सगळं त्या बाईच्या नव्या डोळ्यांवर आलं. टाइलवरचा चेहरा तिनं ओळखू नये असंच मेजरांना हवं होतं. म्हणजे ठराव होईल आणि महबूब लागेल. पण तिला ते कळेल तेव्हा तिच्या मनाचं काय होईल, याची भीतीही त्यांनाच होती. शेवटी भीती जिंकली आणि मी दगडाला झेंडूचे एवढे हार घातले की टाइल दिसेनाशी झाली. मेजर स्वतः काळा चष्मा, कोरोनातला मास्क आणि ऑगस्टच्या उकाड्यात मफलर अशा थाटात आले. टाइलवरचा माणूस समोर उभा दिसला तर ती काय म्हणेल, या विचारानं. अध्यक्षांनी विचारलं, "बरं नाही का?" मेजर दगडाकडे बोट दाखवून म्हणाले, "मी नाय, तो बरा नाय."

मग महबूबच्या बहीण, आमच्या सगळ्यांच्या खाला, आल्या, मुलाचा हात धरून. लहानखुऱ्या, पांढरी ओढणी, डोळ्यांवर ऑपरेशनचा चष्मा. त्यांनी शाल घेतली, नारळ घेतला आणि दोन्ही मुलाच्या हातात देऊन सरळ दगडापाशी गेल्या. "इतने हार कायको?" म्हणाल्या आणि एकेक करून बाजूला सारले. मेजर माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

खालांनी टाइलवर हात फिरवला. खूप वेळ पाहिलं. मग मागं वळून मुलाला म्हणाल्या, "यहीच है. देख, नाक बिल्कुल अम्माचं."

अध्यक्षांनी माझ्याकडे विजयी नजरेनं पाहिलं. खाला परत टाइलकडे वळल्या आणि गालावर बोट टेकवून म्हणाल्या, "जाताना गालावर एवढा फोड होता. अम्मा म्हणाली, तू लाव हल्दी. मी सात सालाची होते. मैंच लगाई थी." मग जरा थांबून म्हणाल्या, "फोटोत दिसत नाही. बरा झाला असंल."

मेजरांनी मास्क खाली ओढला. "व्हय," ते म्हणाले, "तुमच्या हळदीनं चार दिवसांत बरा झालता."

"तुम्ही दोस्त का त्याचे? कसा होता हो भाईजान? मला तर याद नाही."

"लई खोडील," मेजर म्हणाले. "रजई ओढायचा." आणि त्यांनी सुतळीची गोष्ट सांगितली. खाला हसल्या, मग ओढणी तोंडाशी धरून रडल्या, मग पुन्हा हसल्या. कार्यक्रमाला उशीर होतोय म्हणून अध्यक्षांनी दोनदा घड्याळ दाखवलं, पण कुणी लक्ष दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मेजर आले. बाकावर न बसता माझ्या टेबलासमोरची खुर्ची ओढून बसले आणि पेपर न उघडताच बोलायला लागले.

"माझी पाळी व्हती, बाई. पहाऱ्याची. मला ताप भरलता. तो म्हनला, तू पड, तुझ्या जागी मी उभा राहतो. रजईबी मला देऊन गेला. आन् परत आला नाय." त्यांनी हाताचा तळवा टेबलावरून फिरवला. "त्या दगडावर माझं तोंड पाहिलं ना पहिल्यांदा, तवा मी ओरडलो खरा. पण आतून वाटलं, बरोबरच लावलंय की. तिथं मीच पायजे व्हतो."

मी म्हटलं, "आता पुन्हा एकदा समितीला..."

"नको. आता ते काढायचं नाय. तिला तिचा भाऊ पन्नास वर्षांनी घावलाय, तो मी कसा काढून घिऊ? ऱ्हाऊ दे मला तिथं." मग त्यांनी पाकीट काढून माझ्यासमोर ठेवलं. "पन महबूब ऱ्हायलाच ना. म्हनून ऐक. मी गेल्यावर समितीवाले माझा फोटो करायला येतील. तरुनपनचा मागतील, म्हाताऱ्याचा कोण लावतंय? तवा उजवीकडून मोज."

मी पाकिटातला फोटो काढून टेबलावर ठेवला.

"तो माझ्या जागी उभा राह्यलता. अजून एकदा राहील. त्याची काय ना नाय. पोरीला मी सांगून ठेवलंय." दारापर्यंत जाऊन ते परत आले. "आन् हे बघ, तुम्ही लोक फोडबिड काढता. त्याच्या गालावरचा फोड काढू नको. स्टुडिओत दिवा डावीकडं व्हता म्हनून मला ढकलून तो अंधाराच्या बाजूला गेला, फोड दिसू नये म्हनून. तरी दिसतोच. दिसू दे."

यंदा फेब्रुवारीत दुपारी जेवून मेजर आडवे झाले ते उठले नाहीत. मुलीनं घरी बुद्धवंदना ठेवली. भिंतीवर मेजरांचा टक्कल आणि कवळीवाला खरा फोटो होता, मीच काढलेला. निघताना मुलगी म्हणाली, "मावशी, समितीसाठी उजवीकडचाच करा."

ऑगस्ट जवळ आला तसे अध्यक्ष दुकानात आले. कॉलनीचे भूषण म्हणून मेजरांचा मोठा फोटो फ्रेम करून दगडाशेजारी खुर्चीवर ठेवायचा, असा ठराव झाला होता. "तरुणपणीचा असेल तर बरं," ते म्हणाले. मी फ्रेम दाखवली. त्यांनी चष्मा वरखाली केला.

"तरुणपणी मेजर असे होते? बरेच देखणे होते की! पण कान जुळत नाहीत."

"कान सगळ्यांचे सारखेच असतात," मी म्हटलं. "तुम्हीच म्हणाला होतात."

अध्यक्षांनी फ्रेम जरा लांब धरली. मग गालाकडे बोट दाखवून म्हणाले, "हा फोड तरी काढा."

"तो राहू द्या," मी म्हटलं, आणि बहुधा जरा जोरातच म्हटलं असेन, कारण ते फ्रेम ठेवून निघून गेले.

पंधरा ऑगस्टला फ्रेम खुर्चीवर ठेवली. खाली मेजरांचं नाव, वर महबूब. शेजारी दगडात महबूबचं नाव, वर मेजर. दोघं आपापल्या जुन्या जागीच होते, मेजर डावीकडं आणि महबूब उजवीकडं. लोकांनी दोघांना फुलं वाहिली. "अमर रहे" झालं. मेजरांच्या जागी हार घालायला आता कुणी नव्हतं, म्हणून अध्यक्षांनी तो मान, त्या सत्कारापासून दर खेपेला येणाऱ्या खालांना दिला.

खालांनी दगडाला हार घातला, टाइलच्या नाकावर नेहमीसारखं बोट ठेवलं आणि खुर्चीकडे वळल्या. "हे भाईसाब गेले?" असं हळूच विचारलं. मग वाकून फ्रेममध्ये पाहिलं. पाहिलं आणि तशाच वाकून राहिल्या.

ध्वजस्तंभाच्या पूजेचं ताट शेजारीच होतं. नारळ, कुंकू, हळद. खालांनी हात लांब करून चिमूटभर हळद घेतली, ओढणीच्या टोकानं काच पुसली आणि फोटोतल्या त्या गालावर, बरोबर फोड होता तिथं, ती बोटानं हळूहळू लावली. सात वर्षांच्या मुलीनं लावावी तशी, जरा जास्तच.

"अहो ताई, कपाळाला लावतात," अध्यक्ष म्हणाले.

खालांनी ऐकलं नाही. तेवढ्यात राष्ट्रगीत सुरू झालं आणि सगळे जागच्या जागी ताठ उभे राहिले. खालाही उभ्या राहिल्या, हळदीचं बोट बाजूला धरून.

ती फ्रेम आता माझ्या दुकानात, बाकाच्या वर आहे. समितीच्या खोलीत जागा नव्हती. काच मी दर आठवड्याला पुसते, तेवढी जागा सोडून.